मोकळ्या ठोक्याचं सॉकेट

ओब्दुलिया सायागो चिडलेली दिसली नाही, की ला बांदा गावातल्या लोकांना तिच्या तब्येतीची काळजी वाटायची. स्टेशनामागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिथून जाताना आतून ती कुणालातरी फैलावर घेत असल्याचं ऐकू आलं, की सगळं ठीक आहे असं समजून माणसं पुढे जात. बहुतेक वेळा आत दुसरं कुणी नसेच. ती एखाद्या ॲम्प्लिफायरशी बोलत असे.

"तुला झालंय तरी काय? परवाच तुझा कपॅसिटर बदलला. लाज वाटत नाही?"

उमेदीची सगळी वर्षं तिने नदीपलीकडच्या रेडिओ केंद्रावर ट्रान्समीटर सांभाळण्यात घालवली. तिथे यंत्रं गरम व्हायची, वरिष्ठ गरम व्हायचे, आणि उन्हाळ्यात तर भिंतीही. या तिन्हींना तोंड देता देता तिचा स्वभाव असा झाला, असं तिचं म्हणणं. तिच्या आईचं म्हणणं वेगळं होतं: ही पाळण्यातसुद्धा भुवया आक्रसून झोपायची. लग्नाचं कुणी विचारलं तर ती म्हणे, "घरात एकतरी न बोलणारी वस्तू असावी म्हणून मी यंत्रं ठेवली. आता तीही घरघर करतात." पण हाताला शिस्त मोठी. कुठलीही वस्तू उघडली, की तिचे स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात जात. त्या ट्रेला कुणी धक्का लावला, तर त्या माणसाचं पुढच्या महिन्याभराचं काही खरं नसे.

आणि ट्रेला हमखास धक्का लावणारा माणूस एकच होता. तिचा धाकटा भाऊ फेर्मीन.

फेर्मीन बोंबो वाजवायचा. झाडाचं खोड पोखरून, दोन्ही तोंडांना केसांसकट कातडं चढवलेला तो ढोल त्याने वडिलांकडून घेतला होता आणि वाजवण्याची पद्धतही त्यांचीच घेतली होती. दर रविवारी संध्याकाळी शेजारीण दोन्या सोइलाच्या, म्हणजे सोइलाबाईच्या, अंगणात चाकारेराचा नाच रंगायचा, तेव्हा गिटारवाला लिसांद्रो, एक फिडलवाला आणि फेर्मीन, अशी तिघांची बैठक ठरलेली. दोन्या सोइलाचं अंगण म्हणजे ओब्दुलियाच्या दुकानाला लागूनच. मध्ये एक विटांची भिंत. म्हणजे आठवडाभर चिडून रविवारी झोपावं, तर तेही नाही.

मग मागच्या हिवाळ्यात फेर्मीन मोटारसायकलवरून पडला. खांद्याचं हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना, आणि अर्धा तास टिपरू धरलं तर बोटं बधिर व्हायची. डॉक्टरांनी ढोल बंद म्हणून सांगितलं. फेर्मीनने त्यांना हो म्हटलं, आणि ज्या मोटारसायकलने खांदा घालवला तीच कोर्दोबाच्या एका वादकाला देऊन तिच्या बदल्यात एक लाकडी पेटी घरी आणली.

ती पेटी त्याने बहिणीच्या टेबलावर ठेवली. अर्थातच स्क्रूंच्या ट्रेवर.

"हे काय?"

"मॉड्युलर सिंथेसायझर. यातलं प्रत्येक मॉड्यूल वेगळं काम करतं. बटणं फिरवायची, आणि या केबल्स एका सॉकेटातून दुसऱ्या सॉकेटात खोचायच्या. हे बघ, हे मॉड्यूल ढोलासारखा आवाज काढतं. हे ढोलाच्या कडेला मारलेल्या टिपरीसारखा. आणि हे ठोके मोजतं."

"आणि तू?"

"मी बसतो."

"ते तर तू आधीपासूनच करतोस. ट्रे उचल."

पण गंमतीचा भाग तिथेच संपला. लिसांद्रोने फेर्मीनला स्पष्ट सांगितलं होतं की अंगणात ढोलाशिवाय चालत नाही, लोक नाचायला येतात. फेर्मीनला जमत नसेल तर लिसांद्रोचा मेव्हणा तयार आहे. मेव्हणा नुसता तयार नव्हता, तो नवा ढोल घेऊन बसला होता. त्या तिघांतली एक खुर्ची हातची गेली असती, तर फेर्मीनला रविवारी जायला दुसरी जागा नव्हती. हे तो बोलला नाही. ओब्दुलियाने पेटी उघडून आत नाक घातलं, तेव्हा तो ट्रे दोन्ही हातांत सांभाळून उभा राहिला, एकही स्क्रू न हलवता. त्यावरून तिला कळलं.

अडचण ठोके मोजणाऱ्या मॉड्यूलची होती. आतली चिप एकापाठोपाठ एक सहा ठोके अगदी वेगवेगळ्या पायांवर, म्हणजे पिनांवर, मोजत होती, पण बनवणाऱ्याने त्या सगळ्यांचं मिळून पुढच्या पॅनेलवर एकच सॉकेट काढलं होतं. त्यामुळे सगळे ठोके सारखेच बाहेर पडायचे, धप् धप् धप् धप्. गिरणी चालल्यासारखे. फेर्मीनला जड ठोका ढोलाच्या मॉड्यूलला पाठवायचा होता आणि हलका ठोका टिपरीच्या. म्हणजे प्रत्येक पायाला आपापलं सॉकेट हवं.

"दोन भोकं पाड," फेर्मीन म्हणाला.

तिने पॅनेल सोडवलं, मोजमाप केलं, खुणा केल्या.

"तीन पाड."

तिने खुणा पुसल्या, परत केल्या.

"मी काय म्हणतो ओब्दू, करतोच आहोत तर..."

"करतोच आहोत? कोण करतंय? तू माते चहाचा भुरका मारतोयस! ॲल्युमिनियमला भोक पाडलं की ते पडलेलं असतं, फेर्मीन. नंतर 'नको होतं' म्हणता येत नाही. नीट विचार करून एकदाच आकडा सांग, नाहीतर ही पेटी नदीत टाकते."

फेर्मीनने पेला खाली ठेवला, डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी वाजवून पाहिलं. "पाच," तो म्हणाला.

"ठोके सहा आहेत."

"पहिला मोकळा. बाबा पहिल्या ठोक्याला कधी हात लावायचे का?"

नाही, कधीच नाही. हे तिलाही माहीत होतं. बाहेरगावचा माणूस चाकारेरा वाजवायला बसला की पहिल्याच ठोक्याला दणका देतो, आणि तिथेच सगळं अंगण मान फिरवतं. त्यांच्या वडिलांच्या वाजवण्यात पहिली जागा रिकामी असायची. वजन तिच्यानंतर पडायचं, आणि नाचणाऱ्याची टाच त्या रिकाम्या जागेतूनच उचलली जायची. ज्याला ठोकाच नाही त्याला भोक कशाला? या एका बाबतीत त्या भावंडांचं कधी नव्हे ते एकमत झालं, आणि चूक झाली ती तिथेच.

पाच भोकं पडली. प्रत्येक पायातून वायर काढून, मध्ये एकेक रेझिस्टर टाकून, म्हणजे चुकून केबल शॉर्ट झाली तरी चिप जळू नये, तिने पाच सॉकेटं बसवली. नट आवळताना दोन केबल्सचे प्लग एकमेकांना घासणार नाहीत एवढी फट राखली. काम देखणं झालं होतं. तिने ते स्वतः दोनदा पाहिलं आणि कुणी पाहत नाही ना, याची खात्री करून तिसऱ्यांदा पाहिलं.

गुरुवारी अंगणात तालीम झाली. मशीनने ठोका धरला, आणि खरंच, जड जिथे जड हवं तिथे, हलकं जिथे हलकं हवं तिथे. लिसांद्रोच्या भुवया वर गेल्या. मग तो वाजवायला लागला, आणि कडव्याच्या शेवटी नेहमीसारखा जरा थबकला. फिडलवाल्याने नेहमीसारखी ओढ घेतली. माणसं घेतातच. मशीन मात्र थांबलं नाही. ते आपलं मोजत पुढे निघून गेलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत मोकळा ठोका भलतीकडे जाऊन पडला होता आणि जड ठोका बरोबर टाच उचलण्याच्या जागी येत होता. फेर्मीनने बटण फिरवून वेग कमी केला, मग वाढवला. तो मशीनच्या मागे धावत होता आणि मशीन सुटलेल्या बकरीसारखं पुढे.

लिसांद्रो हसला नाही, हेच वाईट. तो म्हणाला, "रविवारी पाच वाजता तारा लावायला येतो. तेव्हा एकदा ऐकू. नाही जमलं तर मेव्हण्याला निरोप द्यावा लागेल, फेर्मीन. मला वाईट वाटतंय."

"तुला वाईट वाटतंय!" दुकानात आल्यावर ओब्दुलिया रिकाम्या खुर्चीवर ओरडली. "पाच सॉकेटं मी बसवली आणि वाईट याला वाटतंय!"

शुक्रवार गेला, शनिवार गेला. तिने ते मॉड्यूल इतक्या वेळा उघडलं की स्क्रूंच्या खाचा झिजल्या. रविवारी ती चर्चला गेली नाही. जेवणानंतर फेर्मीन आला, सोबत अजून गरम असलेली, राखेत भाजलेली तोर्तिया, म्हणजे जाड रोटी घेऊन. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. एक वाजून गेला होता, गल्ली झोपली होती. ला बांदात एक ते पाच कुणी दार वाजवत नाही, हाक मारत नाही, नळसुद्धा बारीक धारेने सोडतात.

मशीन हळू आवाजात चालू होतं. ओब्दुलिया भिंग लावून एका वायरीच्या टोकाशी झटत होती. फेर्मीन शेजारी बसून तोर्तिया खात होता. आणि टेबल हलत होतं.

"हलवू नकोस."

"मी काय केलं?"

"टेबल हलवू नकोस म्हणते! एकदा डाख सांडला, दुसऱ्यांदा माझं बोट भाजलं. पाय आवर."

"पाय माझा नाही, तालाचा आहे. त्याला काय सांगू?"

"त्याला सांग, की तुझ्या मालकाची जागा जातेय आणि तुझ्या मालकाची बहीण तुला करवतीने..." आणि ती थांबली. भिंग डोळ्यावर तसंच. "परत आपट."

"आता काय झालं?"

"आपट म्हणते ना!"

त्याने डावा पाय आपटला. मशीन वाजत होतं, पाय आपटत होता. मशीन जरा पुढे गेलं, पाय आपल्या जागी. तिने कान देऊन ऐकलं.

"तू कुठे आपटतोयस?"

"कुठे म्हणजे? जिथे काही नाही तिथे. पहिल्याला. हात रिकामे असतात, तर पाय पडतो. बाबांचाही पडायचा."

ओब्दुलियाने भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि छताकडे पाहिलं. "सबंध आठवडा," ती पंख्याला म्हणाली, "सबंध आठवडा हा माणूस माझं टेबल हलवतोय. आणि मी त्याला पाय आवर म्हणतेय."

मग ती इतकी भराभर बोलली की फेर्मीनला निम्मंच कळलं. चिपला आणखी एक पाय असतो. त्याला विजेचा नुसता स्पर्श झाला, की ती मोजणी जिथे असेल तिथून सोडून पहिल्या ठोक्यावर परत येते, आणि स्पर्श टिकून राहिला तर तिथेच थांबते. तो पाय आतच कोंडलेला होता. त्याला बाहेर सॉकेट काढायचं, सॉकेटात केबल, केबलच्या टोकाला पायाने दाबायचं बटण. फेर्मीन पाय आपटेल, मशीन पहिल्यावर येईल. दर वेळी. वेग किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे मशीन जरा आधी पोहोचेल, फेर्मीनने पाय दाबून धरला की रिकाम्या जागेत उभं राहील आणि त्याची वाट बघेल. आणि पहिल्यावर ठोकाच नसल्यामुळे ही ओढाताण कुणाला ऐकू जाणार नाही!

"म्हणजे," फेर्मीन सावकाश म्हणाला, "सहावं भोक पाहिजे."

"गप्प बस."

"मी फक्त म्हटलं."

"बोलू नकोस म्हटलं ना!"

पॅनेलवर पाच सॉकेटांच्या ओळीत डावीकडे पहिल्या ठोक्याची जागा रिकामीच होती. नशिबाने मागेही काही आड येत नव्हतं. तिने पॅनेल सर्किटपासून पूर्ण सोडवलं, कारण धातूचा कीस आत पडला तर सगळंच संपलं. खूण केली. मग ड्रिल हातात घेतलं, आणि दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं.

भिंतीपलीकडे दोन्या सोइला झोपली होती. दुपारी चुकून मिक्सर लावला म्हणून तिने समोरच्या घराशी तीन वर्षं अबोला धरला होता. अंगण तिचं. रविवारी तिथे कोण बसतं आणि कोण नाही, हे लिसांद्रोच्याही वर ती ठरवायची. पाचपर्यंत थांबावं तर पाचला लिसांद्रो येणार.

ओब्दुलियाने विजेचं ड्रिल खाली ठेवलं आणि कपाटातून वडिलांचं हाताने फिरवायचं ड्रिल काढलं. फेर्मीनला एका हाताने पॅनेल धरायला लावलं. मूठ फिरवली. ॲल्युमिनियम असं किंचाळलं, की विजेचं ड्रिल परवडलं असतं.

"तेल घाल," फेर्मीन कुजबुजला.

"घातलंय."

"अजून घाल."

"तू शिकव मला. एवढंच राहिलं होतं."

तिने परत फिरवलं. पुन्हा किंचाळी. आणि भिंतीवर पलीकडून चप्पल आपटल्याचा आवाज आला. मग अंगणाचं दार, आणि मग दुकानाचं.

दोन्या सोइला घरातल्या गाऊनवर, केसांना जाळी, एका पायात चप्पल, दुसरी हातात.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही, दोन्या सोइला."

"मग मारू का कुणाला?"

फेर्मीन उभा राहिला. तो चांगला साठीकडे झुकलेला माणूस, पण शाळेत उभा करतात तसा. "दोन्या सोइला, चूक माझी आहे. मीच..."

"तुझी नाही तर कुणाची असणार? हा आठवडाभर रोज दुपारी भिंतीपलीकडून पाय आपटणारा तूच ना? मी म्हटलं, खांदा गेला, आता डोकंही गेलं."

ओब्दुलियाचा संयम, जो मुळात नव्हताच, तो संपला. "त्या पायासाठीच चाललंय सगळं!" ती ड्रिल हातात धरून म्हणाली. "एक भोक. एकच. ते पाचच्या आत पडलं नाही तर तुमच्या अंगणात लिसांद्रोचा मेव्हणा बसेल आणि पहिल्या ठोक्याला दणका देईल. त्याला तसंच येतं, तुम्ही ऐकलंय. चालणार असेल तर सांगा, मी आत्ता ड्रिल ठेवते आणि झोपते. मलाही झोप आहे. मीही माणूस आहे!"

दोन्या सोइलाने एकदा ड्रिलकडे, एकदा पॅनेलकडे, एकदा फेर्मीनच्या पायाकडे पाहिलं. मग ती वळून निघून गेली.

"झालं," फेर्मीन म्हणाला. "मेव्हणा बसतोय."

पण चप्पल परत फटफटत आली. दोन्या सोइलाच्या हातात तिची उशी होती, मधोमध डोक्याचा खळगा पडलेली. ती तिने टेबलावर टाकली.

"किंचाळतं ते टेबलामुळे. खाली मऊ घाला, एवढी अक्कल नाही? ठेव त्यावर. चांगो, पोरा, दाबून धर. बाजूला हो, तुझ्याने नाही होणार, मी धरते. आणि ओब्दुलिया, एकच. दुसऱ्या भोकाचा आवाज आला तर दोघांनाही माझ्या अंगणात पाऊल नाही."

उशीवर पॅनेल, पॅनेलवर सोइलाचे दोन्ही तळवे. मूठ फिरली. आवाज आला, पण घोरल्यासारखा. ॲल्युमिनियमचे बारीक चमकते कुरळे तुकडे उशीभर पसरले. भोक पडलं. ओब्दुलियाने कानशीने कड गुळगुळीत केली, सॉकेट बसवलं, चिपच्या त्या कोंडलेल्या पायाला वायर जोडली. सहा ठोके संपले की मशीनची स्वतःची परत येण्याची वाट आणि फेर्मीनच्या पायाची वाट एकमेकींना अडवू नयेत म्हणून दोन डायोड टाकले. शिलाई मशीनच्या जुन्या पेडलला वायर लावली. दोन्या सोइला तोपर्यंत खुर्चीवर बसून माते चहाचे पेल्यावर पेले पीत होती आणि तोर्तिया कच्ची असल्याचं सांगत होती.

पाचला लिसांद्रो आला. गिटारच्या तारा लावल्या आणि वाजवायला लागला. पहिल्या कडव्याला फेर्मीनचा पाय उशिरा पडला आणि मशीन अडखळलं. ओब्दुलिया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी लिसांद्रो थबकला, मुद्दाम, नेहमीपेक्षा जास्त. फेर्मीनने पाय दाबून धरला, मशीन रिकाम्या जागेत उभं राहिलं. त्याने लिसांद्रोकडे बघत वाट पाहिली, आणि पाय उचलला. जड ठोका जिथे पडायचा तिथेच पडला. फिडलवाल्याने ओढ घेतली, मशीनने घेतली. दोन्या सोइलाची चप्पल घातलेली टाच जमिनीवरून उचलली गेली.

लिसांद्रोने गाणं संपवलं, खिशातून फोन काढला. "हो, मीच," तो म्हणाला. "नाही, ढोल नको आणूस. येताना बर्फ आण. आणि गिटारच्या बारीक तारेचं एक पाकीट."

फेर्मीनने पेडलवरून पाय काढला नाही. गाणं संपलं होतं तरीही.

सोमवारी दुपारी ओब्दुलियाच्या टेबलावर दोन्या सोइलाची उशी होती. दुकानात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला गिऱ्हाइकाच्या तक्रारीची चिठ्ठी बांधलेली असे, तशी हिलाही होती: "कूस बदलली की टोचते." ओब्दुलिया भिंग लावून, चिमट्याने, एकेक चमकता तुकडा उपसून अंड्यांच्या ट्रेमध्ये टाकत होती आणि प्रत्येकाला नावं ठेवत होती.

"लोहचुंबक का नाही फिरवत?" फेर्मीन म्हणाला. "झटक्यात निघेल."

तिने चिमटा खाली ठेवला. "ॲल्युमिनियम आहे हे. ॲल्युमिनियमला लोहचुंबक! देवा, ऐकतोयस ना? बाबांनी याला ढोल दिला आणि मला हा दिला."

मग टेबल हळूच हलायला लागलं.

"मी काय म्हणतो ओब्दू, लिसांद्रो म्हणत होता, टिपरीला जर आणखी एक..."

"उशी इथेच आहे," ओब्दुलिया म्हणाली. "तोंडावर दाबेन."